आधी पाणी, मग कातळ

भिलाईच्या मित्रमंडळात वाळवंटी मुलखात जाऊन कातळ चढायचे आणि तंबूत राहायचे बेत शिजू लागले की पहिली चर्चा होते बुटांची आणि दोराची. कुठल्या कंपनीचे, किती मीटरचा, ऑनलाइन सेल कधी लागतोय. माझं म्हणणं असं की पहिल्या बैठकीत या दोन्ही वस्तूंचं नावच काढू नका. वही उघडा आणि पाण्याचा हिशेब मांडा. कोरड्या मुलखात तंबू कुठे पडणार, कितीजण जाणार, किती चढणार आणि परत कधी फिरणार हे पाणी ठरवतं. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

हिशेब शाळेतलाच आहे. डिसेंबरातसुद्धा दिवसभर उन्हात दोर ओढणाऱ्या माणसाला प्यायला चार लिटर पाणी लागतं, स्वयंपाक आणि भांड्यांना आणखी एक. माणशी पाच. सहाजण असतील तर रोजचे ३० लिटर, म्हणजे आपल्याकडे घरोघरी येतो तो २० लिटरचा जार दीड. तीन दिवसांचे झाले ९०. गाडी बंद पडली, कोणाला उलट्या झाल्या, एखादा जार फुटला, यासाठी एक जार राखीव. म्हणजे क्विंटलभराहून जास्त वजन. हे पाठीवर वाहून नेण्याच्या गप्पा कोणी मारत असेल तर त्याला आधी २० लिटरचा एक जार जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवायला सांगा. म्हणून नियम असा, की तंबू जीप पोचते तिथेच टाकायचा आणि कातळाकडे फक्त त्या दिवसाचं पाणी न्यायचं. सुळक्याच्या पायथ्याशी तंबू फोटोत छान दिसतो. पाणी संपल्यावर रात्री दोघांना टॉर्च घेऊन रस्त्यापर्यंत पाठवावं लागतं, ते फोटोत येत नाही.

पाण्याच्या जोडीची दुसरी गोष्ट सावली. कातळ कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे हे चढाईच्या अवघडपणापेक्षा आधी विचारा. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, पूर्वेकडची दुपारनंतर. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेकडची भिंत दिवसभर गार राहते. सकाळी पश्चिमेची, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर पूर्वेची असा दिवस लावला तर बरंच पाणी वाचतं. डिसेंबरात पहाटे बोटं बधिर होत असतील तर हाच क्रम उलटा करून सकाळचं ऊन खाता येतं. तापलेल्या दगडावर चढणं नुसतं त्रासाचं नाही, घसरण्याचंही आहे. बुटाचं रबर मऊ पडतं, बोटांना घाम येतो आणि जी पकड सकाळी सहज बसत होती ती दुपारी सुटते. नवख्यांना वाटतं आपण थकलो. थकलेले असतातच, पण दगडही बदललेला असतो.

आता जायचं कुठे? भिलाई स्वतः सपाट मैदानावर आहे. इथे जमिनीखाली चुनखडक, नंदिनीच्या खाणीतून निघतो तो. पण मुंबईच्या दिशेने तासा-दीड तासाचा प्रवास केला की जमीन अचानक उभी राहते. डोंगरगडचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. ज्या सह्याद्रीच्या काळ्या कातळावर महाराष्ट्रातली पोरं चढायला शिकतात तो त्याच्यापुढे जेमतेम साडेसहा कोटींचा. वाळवंटी चढाईसाठी लागणाऱ्या बहुतेक सवयी या पट्ट्यात लावून घेता येतात. फेब्रुवारीच्या अखेरीस इथे पाणथळ जागा आटलेल्या असतात, पळसाची पानं झडलेली असतात, दगड दहा वाजताच चटके देऊ लागतो. राजस्थानचं तिकीट काढण्याआधी सगळ्या गटाने इथे दोन-तीन शनिवार-रविवार घालवावेत असं मी आग्रहाने सांगेन. दुर्ग-गोंदिया मार्गावरची मेमू पकडली तर खर्च चहा-नाश्त्यापेक्षा फार जास्त होत नाही.

सह्याद्रीत ट्रेक केलेले पाहुणे पुण्या-नाशिकहून आले की त्यांना मुद्दाम सांगावं लागतं, की हा दगड वेगळा आहे. बेसॉल्टला आडवे थर असतात, पायऱ्यांसारखे कंगोरे मिळतात, भीती असते ती निसटत्या धोंड्यांची आणि घसाऱ्याची. ग्रॅनाइटला पायरी नसते. असते ती गुळगुळीत उतरती पाठ नाही तर उभी भेग. पाठीवर पायाच्या घर्षणावर उभं राहायचं, हाताने फक्त तोल सांभाळायचा. भेगेत पंजा किंवा मूठ अडकवून अंग वर ओढायचं, त्यासाठी हाताच्या पाठीला चिकटपट्टी बांधून घ्यायची, नाहीतर स्फटिक कातडी सोलून काढतात. आणखी एक गोष्ट बारकाईने बघायची. ऊन-थंडीने ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात, कांद्याचे सुटावेत तसे. पापुद्रा दोन बोटं जाड असो की वीतभर, त्यावर भार टाकण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर तो होल्ड नाही, तो उद्या पडणारा दगड आहे.

डोंगरगडात बम्लेश्वरीची टेकडी आणि तिच्या हजारावर पायऱ्यांच्या आसपासचे दगड सोडून द्या. चैत्र आणि अश्विन नवरात्रात तर त्या गावाकडे फिरकूच नका. गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि पोलिसांना तुमच्या दोराकडे बघायला वेळ नसतो. पुढे सीमा ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरलं की दरेकसा लागतं, तिथून कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते ती हीच जागा. तिथे दर्शनाला जरूर जा, पण दोर गाडीत ठेवून. देवाचा दगड कुठला हे गावात विचारल्याशिवाय कळत नाही. शेंदूर लावलेला असेलच असं नाही, कधी नुसता एक मातीचा घोडा किंवा बांधलेला झेंडा असतो, कधी तोही नसतो. सरपंचाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, वनखात्याच्या कार्यालयातून लेखी परवानगी घ्यायची, आणि हा सीमेवरचा जंगलपट्टा असल्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यात सगळ्यांची नावं, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ देऊन ठेवायची. छत्तीसगडातल्या रायगढकडे जाणार असाल, सिंघनपूर किंवा काबरा पहाडाच्या बाजूला, तर तिथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. अशा भिंतींना चॉकचा हात लागता कामा नये. अगदी शेजारच्या कोऱ्या भिंतीलाही नको, कारण फिकट पडलेलं चित्र उन्हात दिसत नाही.

छत्तीसगडच्या दगडी टेकड्यांत माझ्या मते सगळ्यात मोठा धोका पडण्याचा नाही, अस्वलाचा आहे. मोठमोठ्या धोंड्यांमधल्या कपारी हे त्याचं घर. बागबाहऱ्याजवळ घुंचापालीच्या चंडी मंदिरात रानातली अस्वलं प्रसादाला येतात, त्याचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा असा समज होतो की हा प्राणी गरीब आहे. तो गरीब नाही. त्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, आणि कोणी अचानक समोर आलं की तो आधी हल्ला करतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला अस्वल झाडाखाली असतं आणि फुलं वेचणारी माणसंही तिथेच असतात. त्या दिवसांत या टेकड्यांत तंबू टाकूच नये. एरवी चालताना मोठ्याने बोलत चला, कानात इअरफोन घालू नका, कपारीत डोकावून टॉर्च मारू नका, एकट्याने शौचाला लांब जाऊ नका. ताज्या उकरलेल्या मातीचं वारूळ किंवा बियांनी भरलेली काळपट विष्ठा दिसली तर ती जागा त्या दिवसापुरती त्याची. दुसरा दगड शोधा. दगडांना तोटा नाही.

त्याच रांगेत आग्या मोहोळ. उभ्या कड्याच्या छज्ज्याखाली काळपट पोळी लटकलेली असतात आणि पायथ्यावरून ती सावलीच्या डागांसारखी दिसतात. चढाई सुरू करण्याआधी दुर्बिणीने किंवा मोबाइलचा झूम लावून अख्खी भिंत वाचून काढा. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, एवढं लक्षात असलं की शंभर मीटर बाजूला सरकायचा कंटाळा येत नाही. त्या भिंतीखाली धूर, अत्तर, ढोल, काहीही नको.

आता साहित्य. इथे भिलाईकरांची एक खास अडचण आहे आणि ती चांगुलपणातून येते. १९५९ साली पहिली भट्टी पेटल्यापासून या गावात सुरक्षेचे धडे घराघरांत पोचले आहेत. उंचीवरच्या कामाचं परमिट, हेल्मेट, फुल बॉडी हार्नेस, हे शब्द आपल्या पोरांना लहानपणापासून माहीत असतात. त्यामुळे गटातला कोणीतरी हमखास म्हणतो की हार्नेस आणि हेल्मेट आपल्याकडे आहेच, उगाच खर्च कशाला. प्लांटचं साहित्य उत्तम असतं, पण वेगळ्या कामाचं असतं. कारखान्याचा हार्नेस पाठीमागच्या कडीला अडकवून माणसाला पडण्यापासून थोपवण्यासाठी बनवलेला असतो. कातळावर दोर पुढून, कमरेशी बांधायचा असतो आणि पायाचे पट्टे मोकळे हलायला हवेत. हेल्मेटचं तसंच. कारखान्यातल्या बहुतेक हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा कुठे अडकला तर थोड्या ओढीने सुटावा असा असतो, गळफास बसू नये म्हणून. चढाईचं हेल्मेट पडतानाही डोक्यावरच राहायला हवं. तेव्हा आयएस २९२५ किंवा आयएस ३५२१ हा छाप बघून समाधान मानू नका. दोरावर ईएन ८९२, हार्नेसवर ईएन १२२७७, हेल्मेटवर ईएन १२४९२ किंवा यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचा छाप शोधा.

दोराची गोष्ट त्याहून महत्त्वाची. बाजारात मिळणारा नायलॉनचा दोर, ट्रकवाल्यांचा दोर, किंवा उंचीवर साहित्य चढवायला वापरतात तो कमी ताणणारा दोर, यांपैकी कशावरही लीड चढाई, म्हणजे दोर खालून सोबत नेत केलेली चढाई, करायची नाही. चढणारा पडला तर दोराने ताणून झटका गिळायला हवा. डायनॅमिक दोर तेवढ्यासाठीच असतो. ताणला न जाणारा दोर तो झटका थेट कमरेला आणि अँकरला देतो. साठ मीटरचा, साडेनऊ ते दहा मिलिमीटर जाडीचा एक डायनॅमिक दोर सहाजणांच्या गटाला सुरुवातीला पुरतो. जुना कोणाकडून मागून आणत असाल तर त्याचा इतिहास विचारा. किती वर्षांचा, किती जोराचे झटके खाल्लेला, कुठे ठेवलेला. बॅटरीच्या ॲसिडशेजारी गॅरेजमध्ये पडलेला दोर दिसायला नवा असतो.

आणि गटाने वाळवंटात जाऊन लीड करू नये. टॉप रोप लावा. वर चालत जाता येईल अशी जागा निवडायची, दोन स्वतंत्र आधारांवर अँकर बांधायचा आणि दोर वरून सोडायचा. पडलं तरी माणूस हातभरच खाली येतो. दोन आधारांच्या पट्ट्यांमधला कोन साठ अंशांच्या आत ठेवा. कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक आधारावर पूर्ण वजन येतं, मग दोन बांधल्याचा उपयोग काय राहिला? झाड घेत असाल तर जिवंत, मांडीपेक्षा जाड आणि मुळं मातीत रुतलेली असलेलं घ्या. ग्रॅनाइटच्या पाठीवर चार बोटं मातीत उभी असलेली झाडं बघायला भरभक्कम वाटतात आणि मुळासकट निघतात. धोंडा घेत असाल तर तिघांनी मिळून ढकलून बघा. पट्टी दगडाच्या धारेवरून जात असेल तिथे जुन्या जीन्सचा पाय किंवा फायर होजचा तुकडा आत सरकवा. गाठ आठाची, परत मागे विणलेली, शेपूट वीतभर. चढण्याआधी चढणाऱ्याने बिले देणाऱ्याचं, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्याचं, कॅराबिनर तपासायचं आणि बिले देणाऱ्याने चढणाऱ्याची गाठ, दरवेळी, पंधराव्या वेळीसुद्धा. अपघात मोठ्या संख्येने उतरताना होतात. रॅपलिंगच्या आधी दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारा आणि प्रुसिकची, म्हणजे हात सुटला तरी दोराला आवळून धरणारी, गाठ लावून उतरा. संध्याकाळी घाईत, गप्पांच्या नादात, दोर जमिनीपर्यंत पोचलाय असं गृहीत धरून लोक उतरायला लागतात.

हे सगळं लेख वाचून शिकता येत नाही, माझा लेखही त्याला अपवाद नाही. सहातल्या दोघांनी तरी रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असावं. माउंट आबूला गुजरात सरकार चालवत असलेली स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे, तिथे खास कातळ चढाईचे अभ्यासक्रम असतात. पुण्यात गिरिप्रेमीच्या मंडळींनी उभी केलेली संस्था आहे. २०१२ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर गिरिप्रेमी हे नाव मराठी घरांत माहीत झालं. प्रशिक्षण घेतलेल्या दोघांपैकी एकाला गटाने आधीच प्रमुख ठरवावं आणि त्याच्या एका शब्दावर सगळे खाली उतरतील हे घरूनच कबूल करून निघावं. मित्रांच्या गटात हे फार जड जातं. शाळेपासूनची मैत्री, एकाने दुसऱ्याला आदेश द्यायचा म्हणजे हसू येतं. पण "बस एकदा, शेवटचं" म्हणणारा नेहमी असतो, आणि तो बहुधा सगळ्यांचा लाडका असतो. न आलेला एखादा अनुभवी मित्र फोनवरून सूचना देणार असेल तर त्याचे आभार माना आणि फोन ठेवा. उंटावरून शेळ्या हाकायला राजस्थानात खरे उंट आहेत.

राजस्थानसाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ. दुर्गहून अजमेर-जयपूरकडे थेट गाड्या आहेत, रोज नाहीत, म्हणून सुट्ट्या आणि शिफ्ट बघून तिकिटं लवकर काढा. आबू हे वाळवंट नव्हे, त्याच्या उंबरठ्यावरचा डोंगर. अरवलीचं सर्वोच्च टोक, १,७२२ मीटरचं गुरुशिखर तिथेच आहे. ग्रॅनाइट भरपूर, शिकवणारे आहेत, आणि थंडी इतकी की काही रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून सुरुवात तिथे करावी, मग पश्चिमेला उतरावं. जालोर-सिवाण्याकडे, जोधपूरकडे जे लालसर डोंगर दिसतात ते सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे आणि त्यांच्याखाली थिजलेल्या रसाचे. वाटेत पाली जिल्ह्यात जवाईच्या आसपास ग्रॅनाइटचे असे गोल गरगरीत डोंगर लागतात की हात शिवशिवतात. तिथे चढायचं नाही. त्या कपारींत बिबटे राहतात आणि रबारी गुराखी त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून राहिलेत. आपण तीन दिवसांचे पाहुणे. लांबून बघावं आणि पुढे जावं.

जैसलमेरकडचा पिवळा वालुकाश्म सुंदर आहे आणि चढाईला बेभरवशाचा. वालुकाश्माचा एक नियम जगभर पाळतात. पाऊस पडून गेला की दगड आतून सुकेपर्यंत एक-दोन दिवस हात लावायचा नाही, कारण ओला वालुकाश्म मऊ पडतो आणि होल्ड हातात येतात. जॉर्डनमधल्या वादी रमला, जिथे १९८४ पासून टोनी हॉवर्ड आणि त्याच्या साथीदारांनी बेदुइन शिकाऱ्यांच्या जुन्या वाटा नोंदवून काढल्या, तिथेही हाच नियम आहे, आणि आपल्या कर्नाटकातल्या बदामीलाही. जैसलमेरला तेव्हा चढाई नको, तंबू आणि वाळू पुरे. तिथेही जागा विचारून घ्या, कारण मोठा टापू डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो. सोलापूरच्या नान्नजला जवळपास दिसेनासा झालेला माळढोक तिथे अजून तग धरून आहे. रात्री स्पीकर लावून नाचायचं असेल तर हॉटेलात थांबा.

वाळवंटातली रात्र भिलाईकरांना फसवते. दिवसा २५ अंश, पहाटे पाच-सहा. घाम आलेला टी-शर्ट घालून झोपलं की दोन वाजता दात वाजतात. झोपण्यासाठी कोरडे कपडे वेगळे ठेवा, अगदी लोकरी मोज्यांसकट, आणि ते दिवसा घालू नका. तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात टाकू नका, वाळू मऊ लागते म्हणून सगळे तिथेच टाकतात, पण लांब कुठे पाऊस पडला तर पाणी तिथूनच येतं. वाळूत तंबूचे खुंटे धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून ती पुरायची आणि तिला दोरी बांधायची. आत शिरलं की चेन पूर्ण लावायची, एक फटसुद्धा न ठेवता. जमिनीवर उघड्यावर झोपणाऱ्यांना मण्यार चावते आणि बऱ्याचदा कळतही नाही. बूट सकाळी उपडे करून झटकायचे. दगडी वाळवंटात फुरसंही आहे, कोकणातल्या माणसाला सांगायला नको. विंचू आहेतच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय शोधून ऐंशीच्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून जगापुढे मांडला, त्यामुळे आज विंचू चावला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. मात्र उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की थेट रुग्णालय. साप असो की विंचू, कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. अंग हलू न देता गाडीत घालायचं.

स्वयंपाकाबाबत एक गोष्ट बरेचजण स्टेशनवर पोचल्यावर शिकतात. गॅसचं सिलेंडर, अगदी छोटं कॅम्पिंगचं असलं तरी, रेल्वेत नेणं गुन्हा आहे. तेव्हा शेगडी-इंधन तिकडे घ्या किंवा ढाणीतल्या, म्हणजे वाडीतल्या, घरी पैसे देऊन बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी करून घ्या, त्याहून चांगलं जेवण तुमच्या पातेल्यात होणार नाही. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, आणि शेजारच्या छत्तीसगडी वहिनींकडून ठेठरी-खुरमी. दुपारच्या उन्हात बिहारी मित्राचं सातूचं पाणी मीठ-लिंबू घालून जितकं कामाला येतं तितकं पाकिटातलं कुठलंही पेय येत नाही. शेकोटीसाठी झाड तोडायचं नाही, वाळलेली खेजडी सुद्धा नाही. तीच आपली शमी. १७३० साली खेजडलीत ३६३ बिष्णोईंनी तिच्यासाठी मान दिली होती, त्या मुलखात तिच्या फांदीवर शेकत बसणं कसं दिसेल याचा विचार करा. गावाबाहेर जमिनीत बांधलेला टांका दिसला तर तो पावसाचं पाणी साठवायचा, कोणाच्या तरी वर्षभराच्या पिण्याचा. विचारल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, आणि हातपाय धुण्यासाठी विचारूही नका.

उन्हाचा त्रास भिलाईकरांना नवा नाही, पण भट्टीजवळ काम करणाऱ्याला बदली असते, विश्रांतीची खोली असते. कातळावर तसं काही नसतं. डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड आणि लघवी गडद पिवळी होणं, हे दिसलं की तिथेच थांबायचं. सावली, बूट सैल, एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस, घोट-घोट. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि गाडी चालू करा. पिण्याचं राखीव पाणी याच वेळेसाठी आहे, ते अंगावर ओतताना हात आखडू नका. ११२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत, पण रेंज कुठे मिळते हे आदल्या संध्याकाळीच चालत जाऊन बघून ठेवा. घरी एकाकडे चिठ्ठी द्या. कुठे आहोत, कोणकोण, आणि रविवारी रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. आईला द्यायची की बायकोला, ते तुमचं तुम्ही ठरवा. दोघींनाही वेगवेगळ्या वेळा सांगू नका.

कॉन्ट्री जाण्याआधी काढा. परत आल्यावर पैशांवरून तुटलेल्या मैत्र्या मी कातळावरून पडलेल्या माणसांपेक्षा जास्त पाहिल्यात. दोर, अँकरच्या पट्ट्या, कॅराबिनर हे गटाचं, बूट आणि हार्नेस ज्याचं त्याचं. परतल्यावर दोर बादलीत साध्या पाण्याने खळबळून धुवा, वाळूचे कण आत राहिले तर ते धागे कुरतडत राहतात. साबण नको, उन्हात वाळत घालणं नको, पंख्याखाली सुटा पसरा. मग दोघांनी बसून पूर्ण लांबी बोटांतून सरकवायची. कुठे मऊ पोकळी लागली, कुठे कवच फाटून पांढरा गाभा दिसला, कुठे चपटा झाला असं वाटलं, तर तो दोर निवृत्त. माळ्यावर ठेवायचा नाही. कात्रीने दोन-दोन मीटरचे तुकडे करा आणि कपडे वाळत घालायला शेजारीपाजारी वाटून टाका, म्हणजे पुढच्या डिसेंबरात धाकट्या भावाच्या गटाला तो अख्खा सापडणार नाही.